वेल्डर घडतो कुठे?

पोलादी पाइपचे दोन तुकडे समोरासमोर ठेवून पंचेचाळीस अंशांत तिरके, घट्ट बांधलेले असतात. मध्ये जेमतेम तीन मिलिमीटरची फट. पाइप फिरवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचे. तळाशी तो मान वाकडी करून खालून वर जोड भरतो, मग कडेने वर चढत जातो आणि माथ्यावर पोहोचला की हात सपाट कामाला लागतो. वितळलेला धातू सतत ओघळू पाहत असतो. त्याला जागच्या जागी थिजवत पुढे न्यायचे असते. या चाचणीला ‘सिक्स-जी’ म्हणतात. जोड पुरा झाला की त्यातून पट्ट्या कापून त्या इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात, किंवा जोडाचा एक्स-रे काढतात. वाकवलेल्या पट्टीवर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी भेग उघडली, तर वेल्डर नापास.

रिफायनरी, औष्णिक वीजकेंद्र, रासायनिक कारखाना, गोदी अशा ठिकाणी पाइपवर काम करायचे तर ही किंवा हिच्या तोडीची परीक्षा द्यावीच लागते. ती पार केलेला माणूस आणि नाक्यावरच्या वर्कशॉपमध्ये गेट-ग्रील जोडणारा माणूस, दोघांनाही लोक वेल्डरच म्हणतात. हातात पडणाऱ्या पैशांत मात्र मोठी तफावत असते. दहावीचा निकाल लागला की असंख्य घरांत ‘आयटीआयला टाकू या’ असा विषय निघतो. इलेक्ट्रिशियन मिळाले तर उत्तम, फिटर मिळाले तर बरे, आणि काहीच नाही तर वेल्डर, अशा क्रमाने अर्ज भरले जातात. हा क्रम या कामावर अन्याय करणारा आहे. त्याहून वाईट असे की, वेल्डर व्हायचे एकदा ठरले की कुठे आणि कसे शिकायचे, याचा वेगळा विचार फारसा कोणी करत नाही. जी जागा मिळाली ती घेतली जाते. वास्तविक या धंद्यात शिकण्याच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन सोडतात.

म्हणून पहिला प्रश्न संस्थेचा नसून कामाचा आहे: नेमके कोणते वेल्डिंग?

चाकण, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींत ‘सीओटू’चे वेल्डर सतत हवे असतात. यात बारीक तार रिळावरून आपोआप पुढे सरकते आणि त्याच बंदुकीतून येणारा कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गनमिश्रित वायू वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. गाड्यांच्या चासी, सीटच्या फ्रेमा, ट्रेलर, शेतीची अवजारे हे सारे याच पद्धतीने जोडले जाते. हात तुलनेने लवकर बसतो. मोठ्या मोटार कारखान्यांत बॉडीचे स्पॉट वेल्डिंग तर रोबोटच करतात. माणूस लागतो तो रोबोटला वाट शिकवायला, जिग लावायला आणि जोड तपासायला.

दुसरे रॉडचे वेल्डिंग. रॉडवरचा लेप जळून वायूचे कवच आणि वरचा स्लॅग तयार होतो, त्यामुळे वाऱ्यात, उंचीवर, उघड्या साइटवरही काम करता येते. शेड, ट्रॅक्टरची ट्रॉली, पुलांचे सांगाडे, बाष्पक, सगळीकडे हे चालते. तिसरे ‘आर्गन’, म्हणजे टिग. एका हातात टंगस्टनची टोकदार सुई असलेली टॉर्च, दुसऱ्या हातात फिलरची तार. डेअरी, औषधांचे कारखाने, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपचा अगदी आतला पहिला थर, म्हणजे रूट, हे आर्गनवाल्याचे राज्य. काम संथ चालते आणि दोन्ही हातांचा मेळ बसायला वेळ लागतो. पण ज्याला तो जमला त्याला मागणी कायम. ऑक्सिजन-अॅसिटिलीनचे गॅस वेल्डिंग आता बहुतेक ठिकाणी कटिंग आणि ब्रेझिंगपुरते उरले आहे.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर जहाजांच्या वाटेवरील गाळ्यांसाठी पोलादी डेकची रचना वापरली आहे; या प्रकारच्या डेकचा भारतातला हा पहिलाच वापर. असा डेक म्हणजे पातळ पोलादी पत्रे आणि त्यांना खालून जोडलेल्या फासळ्या. मुळात ते वेल्डिंगचेच बांधकाम. अशा कामांत यंत्राने होणारे स्वयंचलित वेल्डिंग आणि हाताचे वेल्डिंग शेजारी शेजारी चालते. वेल्डिंग म्हणजे खिडकीचा गज, एवढेच ज्यांच्या डोळ्यांसमोर असते त्यांनी एकदा या पुलाकडे पाहावे.

आता शाळेकडे वळू.

आयटीआयची व्यवस्था १९५० साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभी राहिली. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी एक तरी सापडते. वेल्डर ही ट्रेड एक वर्षाची. प्रवेशाला आठवी उत्तीर्ण पुरते, वय किमान चौदा. तुकडी वीस जणांची. अभ्यासक्रमात गॅस, रॉड, सीओटू, टिग, प्लाझ्मा कटिंग, जोडांची तपासणी, ड्रॉइंग वाचणे असे सगळे येते. शेवटी मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते. रेल्वे, संरक्षण कारखाने, वीजकंपन्या यांच्या भरतीत अर्ज करायचा तर तेच मागतात. शासकीय संस्थेची फी खासगीच्या मानाने अगदी थोडी असते. ‘वेल्डर (पाइप)’, ‘वेल्डर (स्ट्रक्चरल)’, ‘वेल्डर (फॅब्रिकेशन अँड फिटिंग)’ असे या ट्रेडचे आणखी प्रकारही केंद्राच्या यादीत आहेत, फक्त ते प्रत्येक आयटीआयमध्ये चालत नाहीत. पाइपकडे जायचे ज्याने ठरवले आहे त्याने अर्ज भरण्याआधी जिल्ह्यात कुठे काय चालते याची चौकशी करावी.

कागद म्हणून आयटीआयला पर्याय नाही. हात म्हणून मात्र आयटीआय-आयटीआयमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तो फरक कळण्याची साधी खूण म्हणजे जळणारे रॉड. नेहमीच्या वापरातला एक रॉड मिनिट-दीड मिनिटात जळून संपतो. त्या मिनिटभरात विद्यार्थ्याला आर्कची लांबी, रॉडचा कोन आणि पुढे सरकण्याचा वेग, तिन्ही एकाच वेळी सांभाळायचे असतात. रॉड पत्र्याला चिकटतो, आर्क तुटतो, पुन्हा सुरुवात. दिवसाला दोन-चार रॉड मिळणारा मुलगा आणि पुडाच्या पुडा जाळणारा मुलगा यांच्या हातांत वर्षअखेरीस काय अंतर पडेल हे वेगळे सांगायला नको. पैसा रॉडवर आणि पत्र्यावर खर्च होतो, आणि बचतीची कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.

त्यामुळे प्रवेशाच्या पर्याय-यादीत संस्था टाकण्यापूर्वी तिथे प्रत्यक्ष जावे, आणि ऑफिसऐवजी वेल्डिंगच्या शेडमध्ये जावे. वीस मुलांमागे चालू अवस्थेतली मशीन किती, सीओटू आणि टिगचे सेट खरोखर वापरात आहेत की झाकून ठेवलेत, कोपऱ्यात जळालेल्या रॉडचे तुकडे आणि कापलेल्या जॉबचा ढीग आहे की नाही, हे पाच मिनिटांत दिसते. जोड फोडून, वाकवून दाखवतात का, हा प्रश्न शिल्प निदेशकांना जरूर विचारावा. वरून सुंदर दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. तो कापून दाखवल्याखेरीज शिकणाऱ्याला आपली चूक कळायला मार्गच नसतो. आणि मागच्या तुकडीतली मुले आता कुठे आहेत, हे चालू वर्षाच्या मुलांकडून ऐकावे. ती मोकळेपणाने सांगतात.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण ती बऱ्याच पालकांना उशिरा कळते. दहावीनंतर दोन वर्षांची ट्रेड, उदाहरणार्थ फिटर, पूर्ण केली तर पॉलिटेक्निकच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो. वेल्डरची ट्रेड एकाच वर्षाची असल्याने ही सवलत तिला मिळत नाही. काही सरकारी भरत्यांतही एक वर्षाच्या ट्रेडवाल्यांकडून वरून अनुभव मागतात. अणुऊर्जा महामंडळाच्या प्रशिक्षणार्थी भरतीत तसा नियम आहे, आणि तिथे दहावीच्या विज्ञान-गणिताचे गुणही पाहतात. त्यामुळे आठवीवर प्रवेश मिळतो म्हणून आठवीवरच शाळा सोडणे हा तोट्याचा सौदा. आधी दहावी करावी. पुढे पदविका घेऊन सुपरवायझर किंवा तपासनीस व्हायचे मनात असेल, तर फिटर करून वेल्डिंगकडे वळणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. फिटरला ड्रॉइंग आणि मोजमाप पक्के येते, आणि पाइपच्या कामात निम्मी लढाई जोडणीपूर्वीच्या फिटिंगची असते. फट वाकडी असेल तर चांगल्यातला चांगला वेल्डरही रूट नीट बसवू शकत नाही.

आयटीआयनंतरचे वर्ष हे त्या आधीच्या वर्षाहून मोलाचे असते. ते अप्रेंटिसशिपचे.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्यांना ते बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान. त्याच नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरवले. रक्कम थोडीच, पण याच काळात मुलाला खऱ्या ड्रॉइंगवर, खऱ्या मुदतीत, खऱ्या तपासनिसाच्या नजरेखाली काम मिळते. मुंबईत माझगाव डॉक दर वर्षी मोठ्या संख्येने शिकाऊ उमेदवार घेते. तिथे आयटीआयवाल्यांचा गट वेगळा असतो आणि आठवी उत्तीर्ण मुलांसाठी ‘वेल्डर (गॅस अँड इलेक्ट्रिक)’ ही ट्रेड वेगळी असते. आयटीआयची पायरी न चढताही शिकता येते, याचे हे चांगले उदाहरण. मध्य रेल्वेच्या परळ आणि माटुंगा कारखान्यांतही अप्रेंटिस भरती होते, आणि रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना पुढे लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

अप्रेंटिस घेतला म्हणजे नोकरी दिली, असे मात्र कायदा म्हणत नाही. करार संपला की कंपनी निरोप देऊ शकते, आणि अनेक ठिकाणी देतेही. काही कारखाने शिकाऊ मुलाला वर्षभर ग्राइंडर हातात देऊन बसवतात किंवा सामान वाहायला लावतात. करारात कोणती ट्रेड लिहिली आहे आणि प्रत्यक्ष काम कोणते मिळते, याकडे पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवावे. तक्रार करायला अप्रेंटिस सल्लागार नावाचा सरकारी अधिकारी असतो. मुलांना बहुधा त्याचा पत्ताच नसतो.

कौशल्य किती लवकर हातातून जाते, याची माझगाव डॉकमधलीच एक गोष्ट वेल्डिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगण्यासारखी आहे. जर्मन आराखड्याच्या दोन पाणबुड्या तिथे बांधल्या गेल्या: ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडीच्या दाबसह कवचाचे वेल्डिंग हे जगातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक; जाड, उच्च क्षमतेचे पोलाद ठरावीक तापमानाला तापवून जोडायचे आणि इंच न् इंच तपासायचा. त्यासाठी माणसे मेहनतीने तयार केली होती. नंतर नवी मागणी आली नाही. पुढच्या, फ्रेंच आराखड्याच्या पाणबुड्यांचे काम सुरू व्हायला २००६ उजाडले. बारा वर्षांत तयार माणसे पांगली, निवृत्त झाली, दुसऱ्या कामांत गेली, आणि नवी फळी पहिल्यापासून घडवावी लागली. त्या मालिकेतली पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली. देशाला जे झाले तेच एका माणसाच्या बाबतीतही होते. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे ‘अॅस्मे’ची जी संहिता भारतातले बहुतेक मोठे कारखाने पाळतात, तिच्यात स्पष्ट नियम आहे: वेल्डरने एखाद्या पद्धतीचे काम सहा महिने केले नाही, तर त्या पद्धतीपुरती त्याची पात्रता संपते.

हा नियम माहीत असला तर एका मोठ्या फसवणुकीपासून बचाव होतो. औद्योगिक शहरांत ‘सिक्स-जी सर्टिफिकेट’ देणाऱ्या खासगी वर्गांच्या पाट्या जागोजागी दिसतात, फी भरपूर असते, आणि हे प्रमाणपत्र म्हणजे जन्मभराचा परवाना असल्यासारखे सांगितले जाते. अॅस्मेच्या नियमांनुसार वेल्डरची पात्रता ठरवण्याची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीवरच असते. तुमच्याकडे दुसऱ्याचे कोणतेही प्रमाणपत्र असो, नवी साइट तुम्हाला पाइप देऊन ‘जोडून दाखवा’ म्हणणार. सरावासाठी असा वर्ग जरूर करावा, चांगल्या वर्गात आर्गनने रूट आणि रॉडने वरचे थर असा नेमका सराव मिळतो. पण पैसे कागदाचे देतो आहोत की जाळायला मिळणाऱ्या रॉड-पाइपचे, हे आधी विचारून घ्यावे. दोन आठवड्यांत शून्यापासून सिक्स-जी शिकवतो म्हणणाऱ्यापासून लांबच राहावे.

विश्वासाच्या संस्थाही आहेत. तिरुचिरापल्लीला भेलच्या आवारात १९७५ पासून वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट चालते. तिथे वेल्डरपासून अभियंत्यापर्यंत सर्वांसाठी छोटे-मोठे अभ्यासक्रम असतात. १९५१ साली अडवाणी-ओर्लिकॉन म्हणून सुरू झालेल्या आणि आज अॅडोर वेल्डिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची चिंचवड परिसरात प्रशिक्षण संस्था आहे. पनवेलला लार्सन अँड टुब्रोचे बांधकाम कौशल्य केंद्र आहे. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याच्या मागे प्रत्यक्ष उत्पादनाचा अनुभव उभा असतो, आणि तो शिकवण्यात उतरतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली काहीशे तासांचे मोफत वेल्डिंग अभ्यासक्रमही चालतात. ज्याला शाळा सुटून बरीच वर्षे झाली आहेत, वर्षभर थांबणे परवडत नाही, त्याला सीओटूच्या लाइनवर उभे राहायला ते पुरेसे ठरू शकतात. अठरा वर्षांच्या मुलाने मात्र वर्षभराची आयटीआय सोडून तिकडे जाऊ नये. पुढच्या भरतीत दोन्ही कागद एकाच तोलाने मोजले जात नाहीत.

मग राहतो मिस्त्रीच्या हाताखालचा जुना मार्ग. आजही कितीतरी वेल्डर असेच तयार होतात: आधी हेल्पर, मग ग्राइंडिंग, मग टाके मारणे, मग एके दिवशी मिस्त्री होल्डर हातात देतो. या मार्गात रॉड भरपूर जाळायला मिळतात, गिऱ्हाइकाशी बोलणे येते, अंदाजपत्रक काढता येते, वाकडा झालेला सांगाडा सरळ कसा करायचा ते कळते. आयटीआयच्या वर्षात यातले निम्मेही येत नाही. उणीव दोन ठिकाणी भासते. मिस्त्रीच्या सवयी जशाच्या तशा उचलल्या जातात, चुकीच्यासुद्धा, कारण तिथे जोड फोडून बघणारा कोणी नसतो. आणि हातात कागद नसतो. दुसऱ्या उणिवेवर आता इलाज आहे. पूर्वानुभवाला मान्यता देणाऱ्या सरकारी योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी ते घ्यायला हवे.

स्वतःचे वर्कशॉप गावातच काढायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातील पाबळचा विज्ञान आश्रम हे आगळे ठिकाण आहे. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथल्या वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात वेल्डिंग-फॅब्रिकेशनबरोबर बांधकाम, वीज, शेती, पशुपालन हेही हाताने करत शिकायचे असते. शाळेत नापास झालेल्या मुलांनाही तिथे जागा असते. इथला विद्यार्थी सिक्स-जी वेल्डर होऊन बाहेर पडत नाही, तसा दावाही कोणी करत नाही. पण गावात कांदाचाळ, गोठ्याचे शेड, ट्रॉलीची दुरुस्ती, ठिबकचा सांगाडा असे जे काम रोज निघते, ते सारे एकहाती अंगावर घेण्याची तयारी त्याच्यात येते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वेल्डरला सर्वांत मोठी संधी साखर कारखान्याच्या धुराड्याखाली आहे. गाळप संपले की बाष्पकांच्या नळ्या बदलण्यापासून वाफेच्या पाइपांपर्यंत दुरुस्तीचा मोठा हंगाम सुरू होतो. गाळप चालू असतानाही काम असते. उसाने घासून मिलच्या रोलरचे दाते गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, म्हणून त्या दातांवर खास रॉडने कठीण धातूचे ठिपके चढवतात. याला रोलर आर्किंग म्हणतात आणि ते अनेकदा मिल फिरत असतानाच केले जाते. बाष्पकाच्या कामाला मात्र कोणीही हात लावू शकत नाही. भारतीय बाष्पक नियमावलीप्रमाणे वेल्डरला बाष्पके संचालनालयाची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रमाणपत्र दोन वर्षांपुरतेच असते, पुढे नूतनीकरण. १९२३ च्या बाष्पक कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. अनेक छोट्या चुकांना नव्या कायद्यात तुरुंगाऐवजी दंड आहे, तरी बाष्पकाची दुरुस्ती सक्षम माणसानेच करावी हा आग्रह तसाच ठेवला आहे. वाफेचा दाब असलेल्या जोडाने दगा दिला तर आजूबाजूला उभी असलेली माणसे जातात, म्हणून ही कडक शिस्त. तालुक्याच्या ठिकाणी राहून ज्याला चांगली कमाई करायची आहे, त्याने हे प्रमाणपत्र डोळ्यांसमोर ठेवून सराव करावा.

मुलींविषयी. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव असतात आणि वेल्डरच्या तुकडीतल्या त्या जागा बऱ्याच ठिकाणी भरत नाहीत. टिगसारख्या कामात ताकदीपेक्षा स्थिर हात आणि नजर लागते. उंची-वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. अडथळा आहे तो कारखान्यात स्वच्छतागृह नसण्याचा, रात्रपाळीनंतर घरी पोहोचण्याचा आणि ‘हे मुलींचे काम नव्हे’ या शब्दांचा. पहिले दोन अडथळे मालकांनी दूर करायचे आहेत. तिसरा घरातूनच दूर व्हायला हवा.

प्रशिक्षण निवडताना आणखी एका गोष्टीकडे बघायलाच हवे आणि ती बहुतेकदा राहून जाते. आरोग्य. वेल्डिंगचा धूर आणि आर्कमधून निघणारे अतिनील किरण, दोन्ही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केले. जस्ताचा लेप असलेला पाइप लेप न काढता जोडला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते; वर्कशॉपमध्ये त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतात. जी संस्था विद्यार्थ्याला योग्य नंबरची काच असलेले हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि अॅप्रन देत नाही, जिथे शेडमध्ये धूर ओढून घेणारा पंखा नाही, तिथे सुरक्षेचा धडा वहीत लिहून घेऊन काही उपयोग नाही. सवय पहिल्या महिन्यात लागते, आणि चुकीची लागली तर तीस वर्षे अंगात राहते.

परदेशाचा विचार अनेकांच्या मनात असतो. आखाती देशांत रिफायनरी आणि वाहिन्यांच्या कामांसाठी भारतीय वेल्डर वर्षानुवर्षे जात आहेत, मुंबईत त्यांच्या ट्रेड टेस्ट होतात. तिथे कंपनीचा माणूस समोर उभा राहून जोड करून घेतो, प्रमाणपत्रांची फाइल नंतर उघडतो. आखाती देशांसह ठरावीक देशांत कामाला जाताना दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टला उत्प्रवासी संरक्षकांची मंजुरी लागते, दहावी झालेल्यांना ती लागत नाही. भरती करणारा एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नियमांनुसार त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात. याहून जास्त मागणाऱ्याकडे, किंवा वेल्डरची जागा सांगून हेल्परचा करार पुढे करणाऱ्याकडे पासपोर्ट देऊ नये. करारात पद, पगार आणि कामाचे तास लिहिलेले असावेत, आणि सही करण्याआधी तो घरातल्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा.